सहाच्या जागी सहा

अलका : खोटारडे आहेत. सरळ तसंच लिही. 'तुम्ही खोटं लिहिलंत आणि मेलेल्या माणसाच्या माथी मारलंत, कारण मेलेला माणूस उलटून बोलत नाही.'

शार्दूल : काकू, मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. वकील नाही मी.

अलका : टाइप तर करता येतं ना?

वरदा : आई, कॉरोनरला असं नाही लिहीत. तो जज्जसारखा असतो. खोटारडे-बिटारडे चालत नाही तिथे.

अलका : कॉरोनरला फक्त प्रत. लिहायचंय ते हॉस्पिटलवाल्यांना. बत्तीस पानांचा रिपोर्ट आहे, शार्दूल, आणि एकोणिसाव्या पानावरचं ते वाक्य मला पाठ झालंय. 'दिवंगत टेक्निशियन चंद्रशेखर बोकील यांनी रजेवर जाण्यापूर्वी यंत्रणा डेमोवर सोडली.' दिवंगत लिहायला विसरले नाहीत बरं. केवढी ती सभ्यता.

शार्दूल : गुरुवारी आहे ना इनक्वेस्ट?

अलका : गुरुवारी, दहाला. ट्रेंट म्हणून पेशंट होता, सहा नंबरच्या बेडवर. त्याच्या मृत्यूची चौकशी. तो गेला, आणि पुढे चाळीस मिनिटं नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर त्याचं हृदय चालू होतं. कॉरोनरच्या ऑफिसातली बाई चांगली आहे. म्हणाली, तुमच्या नवऱ्यावर ठपका आहे, तेव्हा तुम्हाला प्रश्न विचारता येईल. काय विचारायचं ते सोमवारपर्यंत लेखी द्या. आज शनिवार. म्हणून हे धूड स्टॅनमोरहून तुझ्याकडे आणलं.

वरदा : मी आणलं. माझा कंबर गेला.

शार्दूल : एक मिनिट, विमान जाऊ दे. ... हं. विमानतळाशेजारी हाउन्सलोत राहायचं म्हणजे दर दोन मिनिटांनी वाक्य गिळायचं. तर हा डबा काकांचा?

अलका : हॉस्पिटलचा. त्यांनी कचऱ्याच्या स्किपमध्ये फेकला, यांनी उचलून घरी आणला. वॉर्डात सहा बेड. प्रत्येकाच्या छातीला वायरी, सगळ्या वायरी या डब्याच्या मागे. प्रोग्रॅम यांनी स्वतः लिहिलेला, त्र्याण्णव साली. स्क्रीनवर सहा ओळी, सहा हृदयं. एक थांबलं की भोंगा. तेरा वर्षं एक दिवस चुकला नाही.

शार्दूल : आणि बेडजवळ जो मॉनिटर असतो, त्याला आवाज नसतो?

अलका : असतो. बारीक करून ठेवलेला. पेशंटना झोप लागत नाही म्हणून. टेबलावरचा भोंगा आहे ना, मग कशाला.

शार्दूल : ओके. उघडतो. धूळ उडेल, तोंड वळवा. ... वा. काकांचं काम नीट दिसतंय. प्रत्येक वायरीला चिठ्ठी.

वरदा : बाबा फ्रिजमधल्या डब्यांना पण चिठ्ठी लावायचा. आमटी, तारीख, वेळ.

शार्दूल : हा मदरबोर्ड. अठ्ठ्याण्णवचा वाटतो. आणि या खाचा, म्हणजे स्लॉट. जादा कार्डं यात उभी खोचायची. आवाजाचं, चित्राचं, नेटवर्कचं.

वरदा : पण सगळे वेगळ्या साइझचे का आहेत? एकच का नाही करत? प्लगसारखा.

अलका : प्लगचं नाव काढू नकोस. शहात्तर साली नागपूरहून मिक्सर आणला मी, ट्रंकेत साड्यांत गुंडाळून. त्याच्या पिना गोल, दोन. इथली भोकं चौकोनी, तीन, आणि त्यांना आतून झडप. यांनी लाकडी चमच्याचा दांडा वरच्या भोकात घातला, झडप उघडली आणि दाबून बसवला.

शार्दूल : सगळ्यांनी केलंय ते, काकू. मी पण.

अलका : तुझा जळला का?

शार्दूल : नाही.

अलका : आमचा जळला. धूर, वास, खालची म्हातारी ओरडत वर आली. तेव्हापासून यांचा नेम. बसत नाही ते बसवायचं नाही. आधी विचारायचं, का बसत नाही.

शार्दूल : अगदी बरोबर. बोर्डाचं तेच आहे. वरदा, इकडे बघ. ही लांब काळी, सगळ्यात जुनी. हिचे दोन तुकडे दिसतात? आधी फक्त पुढचा होता. एका वेळी आठ तारांवरून माहिती जायची. पुढे सोळा हव्यात असं ठरलं, तेव्हा जुनी मोडली नाही, मागे तुकडा जोडला. म्हणजे ज्याच्याकडे जुनं आखूड कार्ड आहे त्याचंही चालावं. मग या पांढऱ्या आल्या. बत्तीस तारा, पण पिना बारीक, जवळजवळ बसवलेल्या. म्हणून आखूड, आणि बेसिकली खूप फास्ट. ही चॉकलेटी एकटीच, जरा आत सरकवलेली. फक्त चित्राच्या कार्डाला. गेमवाल्यांना घाई असते ना.

वरदा : म्हणजे लांब म्हणजे फास्ट, असं नाही.

शार्दूल : उलट. इथे सगळ्यात लांब तीच सगळ्यात मंद. आता हा माझा नवा बोर्ड बघ, याच वर्षीचा. ही इवलीशी, ही लांब. या नव्या जातीत मात्र लांबी म्हणजे लेन. एक लेनचा रस्ता, सोळा लेनचा रस्ता. छोटं कार्ड लांबीत घातलं तरी चालतं. आणि या पांढऱ्या अजून ठेवल्यात, जुन्यांची सोय म्हणून. पण काळी शोध.

वरदा : नाही आहे.

शार्दूल : नाहीच. दोन हजारच्या आसपास काढून टाकली. कुणी वापरत नाही म्हणे.

अलका : हॉस्पिटल वापरत होतं.

शार्दूल : आणि हे मधले दात बघा. चुकीचं कार्ड चुकून पण आत जाऊ नये म्हणून. बोर्ड आपल्या आकारानंच नाही म्हणतो. जोर लावला तर तुटतो, पण हो म्हणत नाही.

अलका : माणसांपेक्षा बरा. हे घे, हे वाच. यांची तीन पत्रं. जून, जुलै, ऑगस्ट. नव्या मशीनला माझं कार्ड, ज्यात सगळ्या वायरी येतात ते, बसणार नाही, कार्डाशिवाय प्रोग्रॅम सुरू करू नका. तिन्हींत तेच. आणि हे त्यांचं उत्तर. एकच.

शार्दूल : हा तर खरेदीचा फॉर्म आहे. ... 'एक्सपान्शन स्लॉट, संख्या. सध्याच्या यंत्रात, सहा. नव्या यंत्रात, सहा. सहाच्या जागी सहा. हरकत निकाली.' हे खरंच असं लिहिलंय?

अलका : मोज.

शार्दूल : जुन्यात चॉकलेटी एक, पांढऱ्या तीन, काळ्या दोन. सहा. नव्यात... पण सगळ्या वेगळ्या आहेत. बघितलं असतं तरी कळलं असतं. पाच वर्षांच्या पोराला कळतं.

अलका : बघायला डबा उघडावा लागतो. त्यांनी रकाना भरला.

शार्दूल : आणि सही कुणाची?

अलका : रेघोटी. नाव नाही.

वरदा : नवीन मशीन लावला त्या शुक्रवारी बाबा माझ्याकडे होता, एडिनबराला. सप्टेंबर होता. माझा नवीन फ्लॅट, शेल्फ लावायला बोलावलं मी. मी म्हटलं होतं, ये ना बाबा, दोन दिवस तर. तिथे त्याला फोन आला. नवीन मशीन लावला, ऑल वर्किंग. बाबा विचारला, कार्ड कुठे बसवलं? तो माणूस म्हणाला, कुठलं कार्ड?

शार्दूल : कुठलं कार्ड.

वरदा : बाबा म्हणाला, बंद करा, आत्ता. ते म्हणाले, ओके, मेसेज देतो. आणि बाबा परत ड्रिल घेतलं. रविवारी दुपारी मिस्टर ट्रेंट गेला.

अलका : म्हणून ती गेले सहा महिने त्या शेल्फवर एक पुस्तक ठेवत नाही. असो. तू तुझं काम कर, शार्दूल. मला एवढंच हवंय. यांनी काही सोडलं नव्हतं, कुठलं बटण दाबलं नव्हतं, हे दिसायला हवं. मशीननं दाखवायला हवं.

शार्दूल : बघतो. ... काकू, ही काळी खाच रिकामी आहे.

अलका : म्हणजे?

शार्दूल : दोन्ही रिकाम्या. कार्ड नाही यात. हात नका लावू, थांबा. पत्र्याला आतून काहीतरी चिकटवलंय. रुपेरी पिशवी. ... हेच ते. केवढं लांब आहे. आणि सोबत कागद.

वरदा : बाबाचा अक्षर.

शार्दूल : तू वाच मग.

वरदा : मराठी आहे. मला वेळ लागतो. तूच वाच.

शार्दूल : 'चौदा जानेवारी. कार्ड काढून प्रोग्रॅम सुरू केला. आपोआप डेमोत गेला. कुणी काही दाबलेलं नाही. तीन वेळा करून पाहिलं.'

अलका : घ्या. झालं की. हेच तर मी ओरडून सांगतेय, रिपोर्ट आल्यापासून.

वरदा : चौदा जानेवारी. आई, बाबा गेला तो दिवस.

अलका : हो. तोच.

शार्दूल : काकू, खाली आणखी दोन-तीन ओळी आहेत.

अलका : वाच ना.

शार्दूल : आधी मशीन चालू करून बघू या का? मग वाचतो.

अलका : काय आहे त्यात?

शार्दूल : वाचतो, काकू. खरंच. पण आधी बघू.

वरदा : मला नको बघायला. मी दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा हा मशीन चालू होता. गराजमध्ये. बाबाला नेलं होतं, त्याची खुर्ची तशीच, आणि हा टिक टिक करत होता. मी प्लग ओढला. आई माझ्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा.

अलका : चालू कर, शार्दूल.

(मशीन घरघरतं. मग आतून बारीक 'टिक' ऐकू येते. पुन्हा. संथ लयीत ती चालूच राहते.)

शार्दूल : आलं. सहा ओळी. बेड एक ते सहा, सगळीकडे बहात्तर, थोडे मागेपुढे. कार्ड माझ्या हातात, वायर एकही नाही. सहाही माणसं ठणठणीत. आणि हे तळाला, अगदी शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. डेमो.

वरदा : बघितलं ना? आता बंद कर.

अलका : थांब.

वरदा : आई, मला खरंच...

अलका : बोलू नका दोघं. ... सतरा. अठरा. आता चुकेल.

शार्दूल : काय चुकेल?

अलका : हे.

शार्दूल : एक ठोका लवकर आला. आणि मग... थांबला जरासा.

अलका : पुन्हा ऐक. तू मोज. ... आधी एक घाईनं. मग श्वास धरून ठेवल्यासारखं. मग एक जोरात. आला?

शार्दूल : एकोणिसाव्याला. परत एकोणिसाव्यालाच.

वरदा : प्रोग्रॅमचा बग असेल.

अलका : बग नाही गं. तीस वर्षं त्या छातीवर कान ठेवून झोपले मी. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि रडायलाच लागले, म्हटलं बाप्पा, आजारी माणूस गळ्यात बांधला. नागपूरचे डॉक्टर हसले. म्हणाले, सवय आहे त्या हृदयाची, काही होत नाही. प्रत्यक्षात इतकं नेमानं नसायचं. कधी पंधराव्याला, कधी चाळिसाव्याला. पण चाल हीच.

वरदा : आई, प्लीज. मला भीती वाटतो.

अलका : मलाही वाटते. म्हणून काय दुसऱ्याचं होणार आहे का ते? शार्दूल, राहिलेलं वाच.

शार्दूल : 'हा भाग त्र्याण्णवमध्ये मीच लिहिला. नर्सेसना शिकवण्यासाठी. कार्ड सापडलं नाही तर डेमो. तेव्हा वॉर्डात कार्डाशिवाय हे मशीन असेल असं मनातही आलं नाही. पुस्तकातला ठोका मेल्यासारखा एकसारखा दिसत होता, म्हणून वायरी लावून टेबलावर आडवा झालो आणि माझा घातला.' एवढंच.

वरदा : म्हणजे त्या वॉर्डमध्ये... शुक्रवारपासून रविवारपर्यंत...

शार्दूल : सहाही बेडवर काका.

अलका : विमान जाऊ दे. ... रिपोर्टात चोविसाव्या पानावर नर्सचा जबाब आहे. पोरगी बिचारी रडली असेल सांगताना. 'त्या वीकएंडला सगळेच पेशंट छान वाटत होते.' आणि पुढे, 'सहा नंबरचा एखादा ठोका मधूनच चुकायचा, म्हणून तर मला तो खरा वाटला.' दहादा वाचलं मी हे. दहादा पुढे गेले. कानात शिसं ओतल्यासारखी.

वरदा : ट्रेंटची मुलगी पण होती तिथे. बेडजवळ. पेपरातलं शब्दकोडं वाचून दाखवत होती त्याला. तो उत्तर देत नव्हता तर तिने नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, ही इज फाइन, झोपलाय, हे बघा. आणि स्क्रीन दाखवला.

शार्दूल : मग ती?

वरदा : मग ती आणखी वाचत बसली. हळू आवाजात.

शार्दूल : ... मी कार्ड घालून बघतो. खात्रीसाठी. आधी बंद करायला लागेल, चालू मशीनमधे कार्ड घालत नाहीत.

अलका : कर.

शार्दूल : बंद. ... बसलं. अलगद बसलं, बघा, जोर नाही लागला. आता चालू करतो. कानावर हात ठेवा, कदाचित...

वरदा : ओ गॉड. बंद कर, बंद कर तो आवाज.

शार्दूल : केला. हाच भोंगा. सहाही ओळी सपाट. वायरी नाहीत, माणसं नाहीत, तर सपाट. कार्ड असलं की मशीन खरं बोलतं, काकू. वॉर्डात हे कार्ड असतं, तर त्या रविवारी पहिल्याच मिनिटाला सगळी इमारत धावली असती.

अलका : मग त्या नर्सला तळाची ओळ का दिसली नाही? डेमो लिहिलंय की. ती आंधळी नव्हती.

शार्दूल : तेच बघायचंय. फ्लॉपीवर कॉपी करून माझ्या नव्या मशीनवर लावतो. त्यांच्याकडे पण असलंच असणार. ... हं. चाललं. कार्ड नाही, खाचच नाही, सरळ डेमो. आता वरदा, तळाची ओळ वाच.

वरदा : तळाला 'स्टार्ट' आहे. आणि घड्याळ.

शार्दूल : ती पट्टी नव्या विंडोजची. काकांच्या काळात नव्हती. ती बरोबर शेवटच्या ओळीवर बसते. ओळ आहे, पट्टीच्या खाली आहे. मेलं कुणी तर दिसणार नाही, आणि हे नुसतं चित्र आहे तेही दिसणार नाही.

अलका : लिही.

वरदा : थांब, आई. थांब. एक मिनिट आपण विचार करूया. शार्दूल, हा टेस्ट दाखवला तर बाबा सुटतो ना? बटण दाबलं नाही, सोडलं नाही, मशीन स्वतः गेला.

शार्दूल : रिपोर्टमधलं वाक्य खोटं ठरतं. शंभर टक्के.

वरदा : मग बस ना. कागद दाखवायची गरज काय? पहिल्या ओळी दाखवू. खालच्या नाही. बाबाने ते लिहिलं, हे कुणाला माहीत आहे? आपल्या तिघांना.

शार्दूल : प्रोग्रॅम त्यांचाच आहे हे रिपोर्टात आहे, वरदा. कुणी हुशार असेल तर विचारेल.

वरदा : विचारेल तेव्हा बघू. तू दोन ओळी टाइप नको करू, झालं. आई, ते लोक ही एकच गोष्ट धरतील. बाबाचा हृदय, बाबाचा प्रोग्रॅम, बाबाचा दोष. पेपरमध्ये येईल. डेड मॅन्स हार्ट. मी ऑफिसमध्ये तोंड कसं दाखवू?

शार्दूल : काकू, मला पण... म्हणजे निर्णय तुमचा. मी कागद पाहिलाच नाही असं म्हणू शकतो.

अलका : पाहिलास की.

शार्दूल : हो, पण...

अलका : ज्यानं तो फॉर्म भरला ना, त्यानंही यांची तीन पत्रं पाहिली. आणि पाहिलीच नाहीत असं म्हटलं. तेच आपण करायचं का? पाटी कुणाची कोरी ठेवायची, यांची की आपली?

वरदा : तुला समजत नाही. बाबा तुला विचारू शकत नाही आता.

अलका : कागद कुठे होता? पिशवीत, कार्डासोबत, पत्र्याला चिकटवून. लपवायचा असता तर जाळला असता. फ्रिजातल्या आमटीला चिठ्ठी लावणारा माणूस. जो पुढे उघडेल त्याच्यासाठी लावली त्यानं.

वरदा : तरी पण.

अलका : वरदा, बस इथे. एक सांगायचंय. तुला नाही सांगितलं अजून. कुणालाच नाही. शार्दूल, तू ऐकलंस तरी चालेल. पण आधी ते कार्ड काढ आणि जुनं मशीन पुन्हा लाव. आवाज येऊ दे.

शार्दूल : नक्की?

अलका : लाव.

शार्दूल : ... लावलं.

अलका : हं. तर त्या दिवशी चार वाजता चहा घेऊन गेले मी गराजमध्ये. हे खुर्चीत बसलेले, मान जरा खाली, स्क्रीन समोर. मी हाक मारली नाही. हा डबा घरी आणल्यापासून हे असेच बसायचे, वाटलं डोळा लागलाय. आणि हे चालू होतं. असंच. मी आवाज ऐकला. एकोणिसाव्याला चुकला तोही ऐकला. आणि चहा बाकावर ठेवून, दार ओढून परत गेले.

वरदा : आई.

अलका : मला मशीनचं काही कळत नव्हतं. मला वाटलं, यांचंच ऐकू येतंय. यांचंच येत होतं. अर्ध्या तासानं कप न्यायला गेले तेव्हा चहावर साय धरलेली. मग हात लावला.

वरदा : तू का नाही सांगितला मला?

अलका : काय सांगू? ती नर्स मूर्ख आहे असं मी घरभर म्हणत फिरत होते. तुलाच फोनवर म्हणाले होते, स्क्रीनकडे काय बघता, माणसाकडे बघा. आणि मी? तीस वर्षं जवळ झोपलेली बाई, मीही आवाजाला भुलले.

शार्दूल : काकू, पाणी आणू?

अलका : नको. टाइप कर. आधी यांची चूक. 'त्र्याण्णव साली माझ्या नवऱ्यानं हा डेमो लिहिला आणि त्यात स्वतःचं हृदय घातलं. पुढे एखाद्या मशीनला ती खाचच नसेल, हे त्याच्या लक्षात आलं नाही. ही त्याची चूक, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली आहे.' कागद जोड. सगळ्या ओळी. वरदा, तू नको म्हणशील तर थांबते.

वरदा : नको नाही म्हणत. तू लिही. पण तो फोन पण लिही. 'कुठलं कार्ड', ते पण. मी साइन करते. मी तिथे होते.

अलका : तो फोन लिही, शार्दूल. मग माझं. 'मी स्वतः या आवाजाला अर्धा तास फसले आहे. म्हणून त्या नर्सला कुणी काही बोलू नये.' घातलं?

शार्दूल : घातलं.

अलका : आता त्यांचं. 'कार्ड बसत नाही असं त्याला कळलं तेव्हा त्यानं तीन वेळा कळवलं. तुमच्या नव्या बोर्डानंही कळवलं. त्याला तशी खाच नव्हती, यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार. तुम्ही मोजलंत, पाहिलं नाहीत.' खोटारडे वगैरे काढून टाक. वरदा म्हणते ते बरोबर आहे, गरज नाही त्याची.

शार्दूल : काढलं. आणि मशीन? बंद करू आता?

अलका : एवढं होईपर्यंत राहू दे. गुरुवारी हेच न्यायचंय तिथे. कार्डाशिवाय. टेबलावर ठेवायचं आणि चालू करायचं, सगळ्यांसमोर.

वरदा : मी उचलते. कंबरेचं बघू.

अलका : शेवटचा प्रश्न लिही. एवढाच विचारणार आहे मी. 'आत्ता तुम्ही जे ऐकताय ते माझ्या नवऱ्याचं हृदय आहे. तो तीन महिन्यांपूर्वी गेला. आता मला सांगा, सहाच्या जागी सहा, हे कुणी लिहिलं?'